रस्त्यावरच्या १६० चौरस फुटांचे भाडे

बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आठ-दहा माणसांचा संसार, मुलांचा अभ्यास, गावाकडचे पाहुणे सगळे झाले, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. वरळीच्या काही रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्याचा आनंद आहेच. पण हा १६० चा आकडा आम्हाला दुसऱ्याच कारणाने आठवला. रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी करायची तर साधारण २० फूट लांब आणि ८ फूट रुंद जागा लागते. गुणाकार करून पाहा. आपल्या एका बिऱ्हाडाची जागा एक मोटार अडवून बसते, तीही सार्वजनिक रस्त्यावर आणि पुष्कळदा फुकट.

आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात मोटार नाही. मग हा विषय आपला कसा? बसच्या रांगेत उभे राहणाऱ्यांना विचारा. दुकानांपुढे दुहेरी रांगेत गाड्या उभ्या, जागा शोधत रेंगाळणाऱ्या गाड्या त्यांच्या बाजूला, आणि सगळ्यांच्या मागे आपली बस. लेट मार्क लागतो तो बसमधल्या माणसाला.

अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. २०२५ साली ते वारले. त्यांनी विद्यापीठाजवळच्या वेस्टवूड या बाजारपेठेचा हिशेब काढला. फक्त १५ चौकांचा तो भाग, पण नुसत्या जागेच्या शोधात तिथल्या गाड्या वर्षाला सुमारे ९,५०,००० मैल फिरत होत्या! कारण साधे होते. रस्त्यावरची जागा स्वस्त, बंदिस्त वाहनतळ महाग. म्हणून जो तो रस्त्यावरच घिरट्या घाली. शूप यांचे म्हणणे असे, की रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर एक-दोन जागा रिकाम्या राहतील एवढाच दर ठेवावा. जास्त नको, कमी नको.

सॅन फ्रान्सिस्को शहराने २०११ साली हे करून पाहिले. सुमारे ७,००० मीटरच्या जागांखाली रस्त्यात यंत्रे बसवली. गाडी आली, गेली, किती वेळ थांबली, याची नोंद आपोआप होई. दिवसाचे तीन भाग केले: सकाळ, दुपारी १२ ते ३, आणि त्यानंतरचा वेळ. काही आठवड्यांनी नोंदी पाहून दर बदलत. जागा ८० टक्क्यांहून जास्त भरलेल्या असतील तर तासाला २५ सेंट वाढ. ६० ते ८० टक्के असतील तर बदल नाही. ६० च्या खाली २५ सेंट कमी, आणि ३० च्याही खाली गेल्या तर ५० सेंट कमी. तासाला २५ सेंटपेक्षा कमी नाही, ६ डॉलरपेक्षा जास्त नाही. नियम आधीच जाहीर असल्यामुळे कुणा साहेबाची मर्जी सांभाळायला नको. आम्ही कारकुनी पेशाचे, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली.

लोकांना वाटले, ही दरवाढीचीच पळवाट. पण २०१४ सालच्या अहवालात निघाले उलटेच. मीटरचा सरासरी दर ४ टक्क्यांनी उतरला होता. गजबजलेल्या ठिकाणी तो वाढला खरा, पण दोन गल्ल्या पलीकडे घसरला. चालायची तयारी असलेल्याचे पैसे वाचले. जागा शोधण्याचा वेळ ४३ टक्क्यांनी घटला. दुहेरी रांगेत गाड्या लावणे कमी झाले, आणि जिथे ते कमी झाले तिथे बसचा वेगही थोडा वाढला. २०१८ पासून ही पद्धत शहरभर लागू झाली.

रस्त्यातली यंत्रे मात्र २०१३ च्या अखेरीस बंद केली. तोवर मीटरमध्ये पडणाऱ्या पैशांच्या नोंदींवरूनच गर्दीचा अंदाज बांधता येऊ लागला होता. म्हणजे महागडी यंत्रे नसली तरी चालते, पावतीवर वेळ मात्र खरी हवी. आपल्याकडे कित्येकदा वाहनतळावरचा मुलगा वेळ न लिहिताच पावती फाडतो. त्या पावतीवरून कसला हिशेब निघणार?

दुसरी गोष्ट पैशाची. त्या शहरात मीटर आणि बस एकाच खात्याकडे आहेत, आणि मीटरचे उत्पन्न बससेवेच्या कामी येते. इकडे बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० रुपये झाले. मोटारवाल्याकडून घेतलेला पैसा बसकडे वळणार नसेल, तर आपल्याला या योजनेचे कौतुक कशाला? आणखी एक धास्ती आहे. जागेचा भाव ठरवण्याच्या नावाखाली पहिली गदा हातगाडीवर यायची. भाजीची गाडी लागली की ते अतिक्रमण, रात्रभर मोटार लागली की ते पार्किंग! २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यालाही हक्क दिले आहेत, हे वॉर्ड ऑफिसात ठणकावून सांगावे लागेल.

मंडळाच्या मुलांना एक काम सांगतो. १० रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आपल्या वॉर्डात पैसे देऊन गाड्या लावण्याच्या जागा किती, ठेका कुणाकडे, गेल्या वर्षी महापालिकेकडे रक्कम किती जमा झाली आणि ती कुठे खर्च झाली, एवढेच विचारा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.