ईसीयू उघडण्याआधी

टोमॅटोचा हंगाम भरात आला की नारायणगावच्या उपबाजारात क्रेट रचलेल्या पिकअपांची रांग लागते. त्या रांगेत एखादी गाडी बंद पडली आणि सेल्फ मारूनही इंजिन पकडेना, की जमलेल्यांपैकी कोणीतरी निकाल देऊन मोकळा होतो: ‘ईसीयू गेला.’ ईसीयू म्हणजे इंजिनाचा सगळा कारभार पाहणारी, वहीच्या आकाराची बंद डबी. हा निकाल सोयीचा आहे. आत काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही, त्यामुळे कोणी खोडूनही काढत नाही. ज्या दुखण्याचे कारण सापडत नसे त्याला पूर्वी बाहेरची बाधा म्हणत, त्यातलाच हा प्रकार. माझे म्हणणे असे की, ईसीयू दुरुस्तीचे मोठे कसब ईसीयू निर्दोष ठरवण्यात आहे, आणि ते कसब पाऊणशे किलोमीटरवरच्या पुण्याऐवजी जुन्नर-आंबेगावच्या गॅरेजांत असले पाहिजे.

जुन्या डिझेल गाडीत किती डिझेल केव्हा फवारायचे हे पंपच यांत्रिकपणे ठरवी. धुराच्या प्रदूषणावरची बीएस-४ ची अट १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली, बीएस-६ ची १ एप्रिल २०२० पासून, आणि मालवाहू पिकअपसुद्धा कॉमन रेलच्या राज्यात आला. हजार-दीड हजार बार दाबाचे डिझेल रेलमध्ये तयार ठेवायचे, क्रँक सेन्सरवरून पिस्टन कुठे आहे ते ओळखायचे आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावा लागेल इतकाच वेळ इंजेक्टर उघडायचा, ही सगळी कामे त्या डबीची. पण डबीला डोळे नाहीत. वायरींवरून येणाऱ्या व्होल्टेजवर ती विश्वास टाकते. वायर खोटे बोलली की हुशार डबीही चुकते. स्कॅनरवर दिसते ते डबीचे मत. ‘पी-०३३५’ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे एवढेच सांगतो. सर्किटात सेन्सर आला, कप्लर आला, दोन-तीन वायरी आल्या. कोड वाचून थेट सेन्सर बदलणे म्हणजे पत्ता अर्धाच वाचून दार ठोठावणे.

आता मल्टीमीटर काय सांगतो ते पाहू. त्याची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवायची, दुसरी ईसीयूच्या कप्लरमध्ये मागच्या बाजूने सरकवून अर्थच्या पिनेला लावायची आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. सेल्फची मोटर शंभर-दोनशे अँपिअर सहज खाते. अर्थ नीट असेल तर मीटर व्होल्टचा एखादा दशांश दाखवून थांबतो. एक-दीड व्होल्टवर चढला तर डबीच्या वाट्याचे व्होल्टेज अर्थच्या गंजक्या बोल्टवर सांडते आहे. ऐन सेल्फच्या वेळी डबी उपाशी राहून पुन्हापुन्हा रीसेट होते आणि बाहेरून हुबेहूब मेल्यासारखी दिसते. दुसरी तपासणी पाच व्होल्टची. बऱ्याच सेन्सरांना डबी पाच व्होल्टचा पुरवठा करते आणि तो एकाच वाटेने अनेकांना जातो. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की साऱ्यांचा पुरवठा कोसळतो आणि स्कॅनरवर कोडांची रांग उभी राहते. अशा वेळी इग्निशन ऑन ठेवून मीटर त्या वाटेवर धरायचा आणि एकेक कप्लर काढत जायचे. ज्याच्या काढण्याने पाच व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार. सगळे कप्लर काढूनही आले नाहीत आणि वायरही कुठे अर्थला चिकटलेली नसेल, तर मग डबीकडे बोट दाखवावे.

हे शहाणपण कुठल्याही गावाला लागू आहे, पण या दोन तालुक्यांत त्याची गरज जरा जास्तच. माळशेज आणि भीमाशंकरकडचा पट्टा पावसाने झोडपलेला, तर पूर्वेचे आणे पठार पाण्याला मोताद. एकच गाडी एकाच आठवड्यात चिखलही खाते आणि धुरळाही. चिखल काढायला प्रेशरचे पाणी मारले की ते कप्लरमध्ये शिरते आणि तांब्यावर हिरवा गंज धरतो. उसाच्या शेजारी उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. हौद्याला अँगल जोडताना बॅटरीची केबल न काढता वेल्डिंग केले, तर तो करंट डबीच्या वाटेनेही जाऊ शकतो, आणि मग मात्र ‘ईसीयू गेला’ हे वाक्य खरे ठरते.

गंज आणि उंदरांखेरीज विजेचा गोंगाटही वायरीला खोटे बोलायला लावतो. याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारा अतिक्षीण संदेश आणि माणसाने केलेला विजेचा गोंगाट वेगळा काढणे हा तिथला रोजचा झगडा, आणि पेट्रोल गाड्यांच्या स्पार्क प्लगची ठिणगी हा त्या गोंगाटाचा जगभर ओळखीचा उगम. अनेक गाड्यांत क्रँक सेन्सरच्या वायरीभोवती जाळीचे आवरण असते ते याच जातीच्या शत्रूसाठी. ती जाळी तुटली की धड सेन्सरही डबीला भलतेच सांगतो.

आधी तपासा, मग डबीला हात लावा, या म्हणण्यावर पहिला आक्षेप वेळेचा. माल नासत असताना तपासत कोण बसणार, डबी बदला आणि निघा. पण ही डबी बल्बसारखी बदलता येत नाही. तिच्यात इमोबिलायझरची चावी आणि बहुतेक कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा कोड भरावा लागतो; भंगारातून आणलेली डबी अनेकदा इंजिन सुरूच होऊ देत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गॅरेजांना डबीची दारे उघडी केली तर धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी ईजीआर यंत्रणा बंद करणारे, धुराचे नियम चुकवणारे आणि चोरही आत शिरतील. भीती खरी आहे. मात्र मूळ प्रोग्रॅम परत बसवणे आणि तो बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बंद दाराने दुसरी गोष्ट थांबलेली नाही. लबाडाला साधन मिळतेच. अडतो तो वायरिंगचा नकाशा मागणारा मिस्त्री. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याच्या मुद्द्यावर. प्रकरण अपिलांत गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनेही आली. आळेफाट्याच्या वायरमनला पिन क्रमांक ४७ ला कोणत्या रंगाची वायर येते हे कागदावर मिळाले, तर महागड्या स्कॅनरपेक्षा त्याचा उपयोग अधिक.

तिसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. डबीच्या आतले काम कुणीही करण्याजोगे नाही. काही डब्यांत जेल भरलेले असते, काहींत सिरॅमिकच्या पाटीवर केसाहून बारीक तारा असतात. तिथे सोल्डरिंगची कांडी लावणे म्हणजे उरलीसुरली आशा जाळणे. इंजेक्टरला करंट देणारा जळालेला ड्रायव्हर किंवा सुटलेला ड्राय सोल्डर ज्याच्याकडे सूक्ष्मदर्शक आणि हॉट एअर आहे त्याने पाहावा, मग तो पुण्यात असला तरी चालेल. पण डबी तिथून दुरुस्त होऊन आली की काम पुन्हा मंचरच्या गॅरेजात येते. ड्रायव्हर कशाने जळाला ते शोधायला इंजेक्टरच्या कॉइलचा रोध मोजावा लागतो. तो पुष्कळदा एका ओहमच्याही आत असतो, म्हणून आधी मीटरच्या दोन टोचण्या एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायचा, आणि कॉइल इंजेक्टरच्या अंगाला शॉर्ट नाही ना हेही पाहायचे. हे न करता डबी बसवली, तर पहिल्याच सेल्फला नवा ड्रायव्हर जुन्याच वाटेने जातो.