तिलारी ते शापोरा : दोन राज्यांची एक नदी

शिमग्यातल्या गड्यांच्या उत्सवामुळे डिचोली तालुक्यातले साळ गाव गोव्यात आणि तळकोकणात प्रसिद्ध आहे. या गावाजवळून वाहणारी नदी महाराष्ट्रातून येते. दोडामार्गात ती तिलारी. पुढे पेडणे आणि बार्देश यांच्या मधून वाहत मोरजीजवळ समुद्राला मिळते ती शापोरा. गोव्यातल्या या तिन्ही तालुक्यांचे पिण्याचे पाणी, शेती आणि मासळी या नदीशी बांधलेली आहे. तिची ओळख करून घ्यायची तर राज्याची सीमा ओलांडून सह्याद्रीचा माथा गाठावा लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात, धामणे येथे तिलारीचे पाणी अडवले आहे. वीजनिर्मितीसाठी ते घाटाखाली सोडले जाते आणि दोडामार्गातल्या मोठ्या धरणात येते. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो जिरवतात ती इथली सदाहरित राने आणि जांभ्याचे सडे. त्यांतून पाझरणाऱ्या झऱ्यांवर काजू-सुपारीच्या बागा जगतात, वायंगणी भात पिकते. याच रानात २००२पासून कर्नाटकातून आलेले हत्ती वावरतात. २०२०मध्ये महाराष्ट्राने इथले सुमारे २९ चौरस किलोमीटर जंगल ‘तिलारी संवर्धन राखीव’ म्हणून घोषित केले.

एके काळी या नदीचे खोरे दोन देशांत विभागलेले होते. तिच्या काठचा हळर्णचा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतला. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेडणे आणि डिचोली हे महालही त्यांच्या अमलाखाली गेले. पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, त्या याच सरहद्दीवर. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. जत्रा, दशावतार आणि सोयरिकी त्याआधीही सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना होत्याच. आता पाण्याचा विचारही एकत्र करता येऊ लागला.

त्यातून तिलारीचा आंतरराज्य प्रकल्प उभा राहिला. १९९०च्या करारानुसार त्यात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के आणि महाराष्ट्राचा २६.७० टक्के. धरणासाठी पाट्ये, आयनोडे, सरगवे अशी दोडामार्गातली गावे उठली. त्या घरांनी सोडलेल्या जमिनीवर साठलेले पाणी आज कालव्यांनी डिचोली, बार्देश आणि पेडण्यात पोहोचते. चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प पेडण्याची तहान भागवतो, तर अस्नोड्याचा बार्देशची. कालवा फुटला की डिचोलीतल्या आमठाणे धरणातून अस्नोड्याला पाणी द्यावे लागते. गोव्यातला नळ दोडामार्गातल्या कालव्यावर किती अवलंबून आहे, हे अशा वेळी घराघरांत समजते.

कोलवाळकडून खाली नदी रुंदावते आणि भरतीचे खारे पाणी आत शिरते. इथे पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खाजन जमिनी राखल्या गेल्या. बांधातल्या मानशीच्या दारांनी पाणी आत-बाहेर करायचे, पावसाळ्यात खारटपणा सोसणारे कोरगुट भात पिकवायचे आणि मानशीपाशी मासळी धरायची, ही इथली रीत. आगरवाड्याची मिठागरे याच पाण्यावर चालतात. मुखाशी मोरजीच्या तेंबवाड्यावर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात.

वरच्या अंगाला काही बिघडले की त्याची झळ खाली बसते. जुलै २०२१मध्ये काळणे येथील लोहखनिजाच्या खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचे लोट वस्तीत व बागायतीत शिरले. काळणे नदीही पुढे याच खोऱ्यात उतरते. ऑगस्ट २०१९च्या पुरात साळ आणि इब्रामपूर परिसर पाण्याखाली गेला. नदीच्या तळाची वाळू उपसल्याने काठ ढासळतात आणि शेते नदीत जातात, हे नुकसान पावसाळा संपला तरी थांबत नाही.

डिचोलीला याच सीमेवर आणखी एका पाण्याची काळजी आहे. दोडामार्गातल्या विर्डीचे पाणी वाळवंटी नदीतून साखळीला येते आणि पुढे मांडवीला मिळते. म्हादई जलविवाद लवादाने २०१८मध्ये महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले आणि विर्डी धरणाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. तिथे प्रकरण लवादापर्यंत गेले. तिलारीवर मात्र दोन्ही राज्यांनी एकत्र बसून वाटणी केली. ही समजूत जपण्यासारखी आहे, आणि ती धरणाच्या भिंतीपाशी थांबता कामा नये. पेडण्याच्या नळाचे पाणी दोडामार्गच्या रानात मुरते, तेव्हा ते रान राखणाऱ्या गावांच्या खर्चात गोव्याने वाटा उचलावा. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी साळ-इब्रामपूरला वेळेवर कळवणे ही महाराष्ट्राची जबाबदारी. खाणी, वाळू आणि खाजनांचे बांध यांचा हिशेब दोन्ही सरकारांनी एकाच वहीत मांडावा. धरण बांधण्यासाठी जी दोन राज्ये एकत्र आली, त्यांना हे नक्कीच जमेल.