पत्र्याच्या भिंतीवर भरवसा

‘‘पत्र्याची भिंत? माणसांना राहायला की शेळ्या बांधायला?’’ आईचा हा पहिला प्रश्न. लातूरच्या आमच्या घरावर मुलासाठी दोन खोल्या चढवायच्या होत्या. खालच्या जुन्या भिंतींवर विटांचं ओझं नको, असं इंजिनिअरांनी निक्षून सांगितलं आणि पातळ पोलादी चौकटीच्या, ज्याला ‘लाइट गेज’ म्हणतात तशा भिंती सुचवल्या. आईनं नमुन्याच्या भिंतीवर बोटानं टकटक केलं. आवाज पोकळ! तिच्यापुरता निकाल लागला.

मी मात्र पुरता नकार देऊ शकलो नाही, कारण जाड भिंतींनी काय केलं ते मी पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि आम्ही पोरं किल्लारीकडे मदतीला गेलो. तिथल्या भिंती दोन-अडीच फुटी. बाहेर दगड, आत दगड, मध्ये चिखल आणि कपच्या. दोन्ही अंगांना एकत्र बांधणारा लांब दगड क्वचितच. जमीन हलताच दोन्ही अंगं सुटली आणि माळवदाची माती वरून आली. जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. जितकं घर जड, तितका तडाखा मोठा.

पण हलकी भिंत उभी तरी कशी राहते? घरातली एखादी लग्नपत्रिका घ्या. उभी धरून वरून दाबा, लगेच वाकते. तिच्या दोन्ही बाजू काटकोनात दुमडा, कडांना आत आणखी एक बारीक दुमड द्या. आता तीच पत्रिका कितीतरी जास्त दाब सोसते. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा भट्टीत न तापवता असाच यंत्रावर दुमडतात. फार भार आला, तर मात्र त्याच्या सपाट भागाला लाटा पडतात, कडा वळतात, नाहीतर अख्खी पट्टी पिळवटते. म्हणूनच दोन्ही अंगांना बोर्ड स्क्रूनं आवळतात. बोर्ड पट्टीला वाकू देत नाही, पिळूही देत नाही.

त्याहून मोठं काम आडव्या धक्क्याचं. सैल झालेली बाज कशी तिरकी होते, तशी नुसती चौकट तिरकी होते. तिला काटकोनात धरून ठेवतो तो बोर्ड, आणि बोर्डाला धरतात कडेचे स्क्रू. धक्का वाढला की आधी हे स्क्रूच कलतात, बोर्डात रुततात; तेवढ्यात बराच जोर जिरतो. शिवाय ढकललेल्या भिंतीचं एक टोक उचलू पाहतं, म्हणून टोकं खाली बोल्टनं जखडावी लागतात.

हे सगळं तोंडी झालं. पुरावा अमेरिकेतला. २०१३ मध्ये बफेलो विद्यापीठात असं दुमजली घर हलत्या मंचावर ठेवून, १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाच्या नोंदींप्रमाणे हलवलं. आधी नुसता सांगाडा आणि त्याचे मुख्य बोर्ड, मग आतल्या भिंती चढवून. घर हिशेबापेक्षा बरंच ताठ निघालं. ज्या आतल्या भिंती हिशेबात कुणी धरल्याच नव्हत्या, त्याही भार वाहत होत्या.

आता आमच्या घरचं ऐका. नकाशात कडेचा स्क्रू दर सहा इंचांवर होता. मी पट्टी लावली तर फूटफूट अंतर! काही स्क्रू तर पट्टी चुकवून बोर्डातून थेट पोकळीत गेलेले. कंत्राटदार म्हणाला, ‘‘काका, भिंत हलतेय का कुठं?’’ हलत नव्हती, खरंच. पण नेहमी शांत असलेल्या भिंतीची परीक्षा ज्या दिवशी होते, त्या दिवशी स्क्रू मारायला वेळ नसतो. दोन दिवस मी खडू घेऊन खुणा करत फिरलो आणि त्याचा पोरगा मागून ड्रिल घेऊन. कंत्राटदार नंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

आई अजून वर झोपत नाही. परवा मात्र देवाची फळी लावायला स्क्रू कुठं मारू, म्हणून तिनं विचारलं.

‘‘उभ्या पट्टीवर,’’ मी म्हटलं, ‘‘टकटक करत जा, पोकळ आवाज थांबेल तिथं.’’