दाइकोकूच्या गाड्या आणि शाकेनची परीक्षा

योकोहामाच्या बंदरात भराव घालून तयार केलेल्या दाइकोकू बेटावर द्रुतगती मार्गांचे रॅम्प वळसे घेत खाली उतरतात. त्यांच्या पोटात एक पार्किंग आहे. स्वच्छतागृह, खाण्यापिण्याची सोय आणि ट्रकवाल्यांना विसाव्याची जागा, एवढीच त्याची अधिकृत ओळख. इथे पायी येता येत नाही, द्रुतगती मार्गावरून गाडीनेच यावं लागतं. तरीही सुट्टीच्या संध्याकाळी मॉडिफाइड जपानी गाड्यांच्या शौकिनांची इथे जत्रा भरते. निस्सान स्कायलाइन जीटी-आर, माझदा आरएक्स-७, टोयोटा सुप्रा, होंडा एनएसएक्स... गर्दी आणि आवाज फार वाढला की पोलीस पार्किंग रिकामं करून बंद करतात.

नवख्याची नजर रंगावर आणि मागच्या विंगवर जाते. मुरलेला शौकीन आधी नंबरप्लेट वाचतो. प्लेटवर गावाच्या नावाशेजारी वर्गाचा आकडा असतो. ५ ने सुरू झाला तर गाडी लहान गटातली, म्हणजे रुंदी १.७ मीटर आणि इंजिन २००० सीसीच्या आत. ३ असेल तर मोठ्या गटातली. टोयोटाची एई८६ कारखान्यातून लहान गटात बाहेर पडली. फुगवलेल्या मडगार्डखाली ती ३ चा आकडा मिरवत असेल, तर मालकाने बदल करून नोंदवलेसुद्धा आहेत. आणि १९८९ ते १९९४ दरम्यानच्या आर३२ पिढीच्या जीटी-आरवर अजून दोनच आकडी ‘३३’ दिसला, तर माणसं थबकतात. तीन आकडी वर्ग नव्वदच्या दशकाअखेरीस आले. म्हणजे ही गाडी त्याआधीपासून त्याच नोंदणी कार्यालयाच्या हद्दीत, बहुधा एकाच घरात नांदते आहे.

या सगळ्यामागे शाकेन आहे, म्हणजे जपानी पासिंग. नव्या खासगी गाडीला पहिली तीन वर्षं मोकळीक, मग दर दोन वर्षांनी तपासणी. मालक स्वतः गाडी घेऊन रांगेत उभा राहू शकतो. चाकं सरळ चालतात का हे पाहिलं जातं, ब्रेक किती धरतात हे रोलरवर कळतं. स्पीडोमीटर ४० वर आला की इशारा द्यायचा. हेडलाइटसमोर यंत्र सरकत येतं आणि फलकावर गोल किंवा फुली उमटते. शेवटी खालच्या खड्ड्यात उभा असलेला तपासनीस हातोडीने नटबोल्ट ठोकून पाहतो. ड्राइव्हशाफ्टचा रबरी बूट फाटलेला दिसला, तर तेवढ्यावरही गाडी नापास होते.

गाडी हवी तितकी खाली बसवा, पण जमिनीपासून नऊ सेंटिमीटर सुटलेच पाहिजेत. पुढच्या दारांच्या काचांतून ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. उभ्या गाडीच्या सायलेन्सरचा आवाज नव्वदच्या दशकातल्या बहुतेक गाड्यांना १०३ डेसिबलपर्यंत चालतो, नंतरच्या गाड्यांना मर्यादा आणखी कडक आहे. रुंद मडगार्ड कायमचे बसवून रुंदी दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली, तर रचनाबदलाची वेगळी तपासणी करावी लागते. तिथे शाकेनची उरलेली मुदत बुडते, म्हणून जाणते लोक मुदत संपत आली की हे काम काढतात.

१९९५ मध्ये जपानने नियम सैल केले आणि अनेक सुटे भाग विनासायास बदलता येऊ लागले. आज तिथे दिसणारी कारागिरी त्या सवलतीमुळे फुलली, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे एवढी मोकळीक नाही. शाकेनपुरता मूळ सायलेन्सर लावायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा, ही चलाखी जपानमध्येही चालते. मला ती आवडत नाही. चार सेंटिमीटर कमी खाली बसलेली, पण कागदपत्रं चोख असलेली गाडी मला कधीही मोठी वाटते.

अशी गाडी सांभाळताना खरी अडचण येते ती वयाची. रबर तडकतं, वायरिंग कडक होतं, हेडलाइट पिवळे पडतात आणि प्रकाश कमी भरतो. मालकांची ही नड ओळखून निस्सानच्या निस्मोने २०१७ मध्ये आर३२ जीटी-आरचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली. टोयोटाही आता जुन्या सुप्रासाठी तेच करते आहे.