जुनी आज्ञावली आणि नवा संगणक : सरांच्या बिनतारी संचांच्या निमित्ताने

ज्यांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते ते सर विज्ञानाचे शिक्षक होते, आणि मी जन्मभर मराठी शिकविले. बिनतारी यंत्रांविषयी मी लिहावे, याचे काही माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. परंतु जपून ठेवलेले लेखन वाचता येईनासे होते तेव्हा काय करावे, हा प्रश्न माझ्याही विषयातला आहे. तेवढ्या अधिकारावर हे धाडस करीत आहे.

सर परवानाधारक हौशी रेडिओचालक होते. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला, त्याचा हादरा आपल्या बडोद्यालाही जाणवला. कच्छचे दूरध्वनी बंद पडले, आणि पुढील काही दिवस भुजच्या बाजूचे निरोप बाहेर पोहोचविण्यात हौशी रेडिओचालकांचा मोठा वाटा होता. प्रयोगशाळेतील मोठ्या संचावर सर ते निरोप टिपून घेत आणि हातात मावणाऱ्या सहा दुतर्फी संचांच्या साहाय्याने त्यांचे परवानाधारक सहकारी ते शहरातील कच्छी कुटुंबांपर्यंत नेत. तेच सहा संच आज शाळेच्या कपाटात आहेत.

गेल्या वर्षी हे संच पुन्हा वापरात आणावेत असे काही माजी विद्यार्थ्यांनी ठरविले. त्यांना मिळालेल्या नव्या कंप्रता संचांत भरणे आवश्यक होते. एकाने सरांच्या तबकडीवरील आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, आपल्या नव्या संगणकावर घेतली. पडद्यावर निळी चौकट उमटली, परंतु संच वाचण्याची आज्ञा देताच ‘संच प्रतिसाद देत नाही’ असा निर्वाळा मिळाला. साही संचांची हीच गत झाली. संच मेले असे समजून ते भंगारात देण्याचे जवळजवळ नक्की झाले होते. तेवढ्यात सरांच्या वहीत एक ओळ सापडली : ‘वाचण्यापूर्वी टर्बोचे बटण सोडावे.’ या ओळीचा अर्थ समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

पूर्वी बिनतारी संचात प्रत्येक कंप्रतेसाठी वेगळा स्फटिक बसवीत, आणि कंप्रता बदलायची म्हणजे स्फटिक बदलायचा. पुढे ही माहिती संचातील एका स्मृतिपटलावर साठविली जाऊ लागली. कोणत्या क्रमांकावर कोणती कंप्रता, किती शक्तीने बोलायचे, सोबत कोणता मंद सूर पाठवायचा, हे सारे त्यात असते. हा सूर ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यानचा असतो आणि दारावरच्या ठरलेल्या खुणेच्या थापेसारखे काम करतो. तो ओळखल्याशिवाय पलीकडचा संच दार उघडीत नाही. ही माहिती भरण्यासाठी संच तारेने संगणकाला जोडावा लागतो. १९८० व १९९० च्या दशकांत यासाठी लागणाऱ्या आज्ञावली डॉस प्रणालीवर चालत. मोटोरोला कंपनीच्या अशा आज्ञावलीला ‘रेडिओ सर्व्हिस सॉफ्टवेअर’ म्हणत. संगणकाच्या सिरियल पोर्टवरील विद्युद्दाब धन आणि ऋण असा आलटून पालटून बदलतो, तर संचाला शून्य आणि पाच व्होल्टचीच भाषा कळते. म्हणून दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी एक छोटी पेटी लागते.

हीच आज्ञावली नव्या संगणकावर का अडते? त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण काळाचे. त्या वेळच्या अनेक प्रोग्रॅमरांनी घड्याळाचा आधार घेतला नाही. ‘संचाला उत्तर देण्यास थोडा अवधी द्यावा’ असे सांगायचे असेल तर ते संगणकाला काही हजार वेळा निरर्थक मोजणी करावयास लावीत. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. तशा यंत्रावर या मोजणीस पुरेसा वेळ लागे. शेकडो पट वेगवान यंत्र ती निमिषार्धात उरकते आणि संचाने तोंड उघडण्यापूर्वीच तो मुका आहे असे ठरवून मोकळे होते. टर्बो पास्कल भाषेतील कित्येक आज्ञावली सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढील यंत्रांवर सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडत, त्याचेही मूळ हेच. ५५ मिलिसेकंदांत यंत्र किती फेऱ्या मोजते, यावरून त्या आपला वेग ठरवीत, आणि वेगवान यंत्रावर तो आकडा ठरलेल्या जागेत मावत नसे. ३८६ आणि ४८६ जातीच्या अनेक संगणकांवर ‘टर्बो’ नावाचे बटण असे. ते सोडले की संगणक मुद्दाम संथ चाले. सरांच्या ओळीचा अर्थ हा.

दुसरे कारण दाराचे. डॉसमधील आज्ञावली सिरियल पोर्टशी थेट बोलत, आणि पहिल्या पोर्टचा पत्ता ठरलेला असे. विंडोज एनटी आणि तिच्या वंशातील प्रणालींनी हा थेट प्रवेश बंद करून मध्ये द्वारपाल बसविला. आजच्या संगणकांवर तर बहुधा ते पोर्टच नसते. यूएसबीला जोडायचा परिवर्तक मिळतो, पण त्याला तो जुना पत्ता नसतो.

तिसरे कारण भाषेचे. डॉसच्या आज्ञावली १६ बिटांच्या आहेत, आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये त्या चालविण्याची सोयच ठेवलेली नाही.

उपाय आहेत, आणि त्यांचा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्या काळचा संथ संगणक आणि खरे डॉस. तो नसेल, तर मूळ पोर्ट असलेला थोडा जुना संगणक घ्यावा आणि तो फ्रीडॉसवर सुरू करावा. १९९४ मध्ये सुरू झालेली ही डॉससारखी प्रणाली विनामूल्य मिळते. तिने दाराचा आणि भाषेचा प्रश्न सुटतो, काळाचा मात्र सुटेलच असे नाही. तिसरा उपाय डॉसबॉक्सचा. मुख्यतः जुन्या खेळांसाठी लिहिलेली ही आज्ञावली नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचे सोंग आणते, त्याचा वेग आपल्याला हवा तितका कमी करू देते आणि खरे पोर्टही त्याच्या हाती देते. यूएसबी परिवर्तकामुळे मात्र काही मिलिसेकंदांचा विलंब होतो. काही संच तो चालवून घेतात, काही घेत नाहीत.

कोणत्याही उपायाने जावे, पण प्रथम वाचावे आणि मगच लिहावे. संचातील मूळ माहिती वाचून तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. त्या स्मृतिपटलावर कंप्रतांखेरीज कारखान्यात त्या एकाच संचासाठी जुळविलेली मापेही असू शकतात. ती पुसली गेली तर दुसऱ्या संचाची मापे उसनी आणून भागत नाही. घटमाला पूर्ण भरलेली असावी आणि लेखन चालू असता तारेला हात लावू नये. लेखन अर्ध्यावर तुटले तर चांगला चालता संच निकामी होऊ शकतो. आणि अशा संचावर बोलण्यास परवाना लागतो, हे सरांचे पहिले वाक्य येथेही सांगितलेच पाहिजे.

आपल्या बडोदे संस्थानच्या दप्तरांत मोडीतील कागद आहेत. ते फाटले नाहीत, त्यांची शाई उडाली नाही. परंतु विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून मोडी गेली, आणि ते कागद बहुतेकांना मुके झाले. ज्यांनी लिपी जपली, त्यांच्याशी ते अजूनही बोलतात. सरांच्या तबकडीचे तसेच आहे. आज्ञावलीची अक्षरे न् अक्षरे शाबूत होती, पण ती ज्या संथ गतीने, ज्या दारातून बोलत असे, ती गती आणि ते दार आपण टाकून दिले होते. नुसती प्रत जपणे म्हणजे पोथी ठेवून लिपी विसरणे होय.

अखेर एका माजी विद्यार्थ्याच्या घरच्या माळ्यावर ४८६ जातीचा संगणक सापडला. बटण सोडले, आज्ञा दिली, आणि पहिल्या संचाने उत्तर दिले. सहांपैकी पाच संच आज चालतात. सहाव्यातील बिघाड खरा आहे.

शाळेच्या कपाटात आता संचांशेजारी तो संगणक, दुभाषी पेटी, तार आणि तबकडीच्या दोन नव्या प्रती ठेवल्या आहेत. सर्वांत वर सरांची वही आहे. हे कपाट भविष्यात जो कोणी आवरायला घेईल, त्याला एकच विनंती : वही आधी वाचावी.