सत्, चित्, आनंद आणि नर्मदेचा काठ

1899 साल. जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी एक संन्यासी मठ उभारायच्या खटपटीत होता. अंगावर भगवी वस्त्रं आणि गळ्यात क्रूस. नाव ब्रह्मबांधव उपाध्याय, पूर्वाश्रमीचे भवानीचरण बंद्योपाध्याय, बंगाली ब्राह्मण. 1891 साली सिंधमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. मठाला नाव दिलं ‘कास्थलिक मठ’. ‘कॅथलिक’ या शब्दाला दिलेलं हे संस्कृत वळण.

मी जबलपूरच्या विजय नगरात राहतो. नर्मदेवरच्या ग्वारीघाटाला निघालो की हा माणूस मला हटकून आठवतो. त्याच्या झोळीत एक शोध होता, आणि तो कळायचा तर आधी फार मागे जावं लागतं.

येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. देव एकच, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. तरीही बाप्तिस्मा देताना ते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी तीन नावं घेत होते. मग देव किती? उत्तर आफ्रिकेतल्या टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला झरा, नदी आणि पाट यांचा दाखला दिला. जागा तीन, पाणी एक. दाखला सुरेख होता, पण वाद मिटला नाही. शंभरेक वर्षांनी अलेक्झांड्रियाचा आरियस सांगू लागला की पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे, म्हणजे कधीतरी तो नव्हताच. लोक त्याच्यामागे गेले. अखेर 325 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकिया इथे बिशपांची परिषद बोलावली. तिथे एक ग्रीक शब्द ठरला, ‘होमोऊसिओस’. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा त्याचा अर्थ. हा शब्द बायबलात कुठेच नाही, तो तत्त्वज्ञांच्या बोलण्यातला. त्यामुळे बरेच बिशप बिचकले. अलेक्झांड्रियाचाच बिशप अथनासियस याने पुढे पाच वेळा हद्दपारी सोसली, पण निकियाचा निर्णय सोडला नाही. त्याचा मुद्दा अगदी साधा होता. पुत्र म्हणजे देवाचा शब्द, देवाचं ज्ञान. तो कधीतरी नव्हता असं म्हटलं, तर देव कधीतरी ज्ञानावाचून होता असं म्हणावं लागेल. प्रभेवाचून सूर्य कधी असतो का?

पंधराशे वर्षांनी याच प्रश्नाला एका मराठी माणसाने काशीत दुसऱ्या टोकाने हात घातला. नीळकंठशास्त्री गोरे, जन्म 1825, कोकणस्थ घराणं. मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून त्यांनी बायबल हाती घेतलं आणि 1848 साली स्वतःच ख्रिस्ती झाले. ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथात त्यांनी वेदान्त्यांना कोंडीत पकडलं. ब्रह्माला तुम्ही ज्ञान म्हणता, आणि जाणण्याजोगं त्याच्यासमोर काहीच नाही असंही म्हणता. मग ते ज्ञान कसलं? गोऱ्यांनी वेदान्ताचं दार तिथेच लावून घेतलं.

उपाध्यायांनी ते उघडलं. ऑक्टोबर 1898 मध्ये त्यांच्या ‘सोफिया’ मासिकात ‘वंदे सच्चिदानंदम्’ हे संस्कृत स्तोत्र छापून आलं. सत् म्हणजे पिता, स्वतःहून असणारा. चित् म्हणजे पुत्र, देवाने स्वतःला जाणलेलं रूप, तोच शब्द. आनंद म्हणजे पवित्र आत्मा. देवाला जाणायला जग लागत नाही, प्रेम करायलाही जग लागत नाही. त्याचं जाणणं आणि त्याचा आनंद दोन्ही त्याच्या आतच पूर्ण आहेत. म्हणून तो निर्गुणही म्हणवतो, कारण बाहेरच्या कशाशीही त्याचं नातं अनिवार्य नाही. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी 1882 मध्ये ही जोडणी सुचवली होती. उपाध्यायांनी तिला निकियाच्या श्रद्धेचा कणा दिला. त्यांचं म्हणणं असं की युरोपने ॲरिस्टॉटलच्या भाषेत ख्रिस्ती सिद्धान्त मांडला, तर भारताने वेदान्ताच्या भाषेत का मांडू नये?

मराठी वाचकाला इथे ‘अमृतानुभव’ आठवल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या पाचव्या प्रकरणात ज्ञानदेव याच तीन पदांचा विचार करतात आणि सोन्याचा दाखला देतात. झळाळी, कठीणपणा आणि सोनं मिळून सोनं एकच. टर्टुलियनच्या पाण्याच्या दाखल्याचा हा सख्खा भाऊ शोभेल. पण फरक झाकून ठेवणं मला पटत नाही. ज्ञानदेवांच्या वाटेवर ही तिन्ही पदं शेवटी मौनात मावळतात. निकियाच्या वाटेवर पिता आणि पुत्र अनंतकाळ समोरासमोर राहतात, एकमेकांवर प्रेम करतात. उपाध्यायांनी दोन्ही वाटा एक केल्या असं मी म्हणणार नाही. अलेक्झांड्रियाचा आणि काशीचा प्रश्न एकच आहे, हे त्यांनी ओळखलं. माझ्या लेखी शोध तो हाच.

चर्चला मात्र हे मानवलं नाही. पोपचे भारतातले प्रतिनिधी झालेस्की यांनी विरोध केला आणि नर्मदाकाठचा मठ थोड्याच काळात मोडला. उपाध्याय कलकत्त्याला परतले. 1907 साली राजद्रोहाचा खटला चालू असतानाच इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचं दहन हिंदू रीतीने झालं. ज्या स्तोत्राच्या विचाराने चर्च बिचकलं, ते आज भारतातल्या कॅथलिक चर्चमध्ये गायलं जातं.

जबलपुरात पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. त्यांच्या माळ्यावर जुन्या ट्रंका आहेत, पणजोबांच्या वह्या आहेत. त्यांत 1899 च्या आसपासचं एखादं पत्र सापडलं आणि त्यात नर्मदाकाठच्या या भगव्या ख्रिस्ती साधूचा उल्लेख असला, तर ते रद्दीत घालू नका.