सिस्टर, आधी विचारा : स्थलांतरित आणि निर्वासितांची शुश्रूषा

मर्सेडची मुलगी

कॅलिफोर्नियातल्या मर्सेड या गावात 1982 साली लिया ली नावाची मुलगी जन्मली. आईवडील लाओसमधल्या ह्मोंग जमातीचे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अनेक ह्मोंग अमेरिकेच्या बाजूने लढले होते. 1975 साली लाओसमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर ते जीव मुठीत धरून थायलंडच्या छावण्यांत पळाले आणि तिथून हजारोंनी अमेरिकेत गेले.

लिया तीन महिन्यांची असताना तिला पहिला झटका आला. इस्पितळात पोचेपर्यंत झटका थांबला होता, उरला होता नुसता खोकला. ह्मोंग बोलणारं कुणी ड्युटीवर नव्हतं. छातीचा संसर्ग समजून औषध दिलं आणि घरी पाठवलं. असं दोनदा झालं. तिसऱ्या खेपेला ती झटका चालू असतानाच पोचली, तेव्हा कुठे अपस्माराचं निदान झालं.

पुढची चार वर्षं औषधं सतत बदलत राहिली. कधी ही गोळी अर्धी, कधी ती दिवसातून तीनदा. आईवडिलांना कोणतीच भाषा लिहिता-वाचता येत नव्हती. घरी येणाऱ्या नर्सेसनी बाटल्यांना रंगीत चिठ्ठ्या लावून पाहिल्या, तक्ते केले, वारांचे कप्पे असलेले डबे आणले. तरी औषधं चुकत. त्यातल्या काही चुका हिशोबाच्या होत्या, काही ठरवून केलेल्या. गोळ्यांनी पोर मलूल होते, हे आईवडिलांना डोळ्यांसमोर दिसत होतं. शिवाय त्यांच्या मते मुलीचा आत्मा घाबरून शरीराबाहेर गेला होता आणि त्याला परत बोलावण्याचं काम मांत्रिकाचं होतं. शेवटी डॉक्टरांच्या तक्रारीवरून 1985 साली मुलीला घरातून काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवण्यात आलं. वर्षभरात ती परतली, औषधही सोपं करण्यात आलं. पण 1986च्या नोव्हेंबरमध्ये मोठा झटका आला, सोबत रक्तात पसरलेला संसर्ग. मेंदू कायमचा निकामी झाला. 2012 साली वारेपर्यंत आईने आणि घरच्यांनी तिला जिवापाड सांभाळलं.

ॲन फॅडिमन या लेखिकेने 1997 साली या प्रकरणावर पुस्तक लिहिलं. ते आज अमेरिकेत डॉक्टर-नर्सेसच्या शिक्षणात आवर्जून वाचायला देतात. त्यात खलनायक कुणीच नाही. डॉक्टर हुशार आणि कष्टाळू, आईवडील कमालीचे मायाळू. मग हुकलं कुठे? माझ्या मते, ‘मुलीला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?’ हे आईवडिलांना वेळेवर कुणी विचारलंच नाही, तिथे.

लायनिंगर आणि रॅम्सडेन

रुग्णाची संस्कृती ओळखून शुश्रूषा करण्याच्या विषयाचा पाया मॅडेलिन लायनिंगर या अमेरिकन परिचारिकेने घातला. 1950च्या दशकात सिनसिनाटीत मनोरुग्ण मुलांसोबत काम करताना तिच्या लक्षात आलं, की एकाच पद्धतीची शुश्रूषा वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना सारखी लागू पडत नाही. मग तिने मानववंशशास्त्र शिकायला घेतलं, पापुआ न्यू गिनीतल्या गॅडसप लोकांत जाऊन राहिली, डॉक्टरेट मिळवली आणि 1974 साली या विषयाची स्वतंत्र संस्था उभी केली. तिच्या मांडणीचा व्यवहारात उपयोगी भाग असा, की रुग्णाच्या रीतीबाबत नर्सपुढे तीन मार्ग असतात. रीत चालू ठेवावी, दोन्ही बाजूंनी थोडं सरकून मधला मार्ग काढावा, किंवा रीत घातक असेल तर रुग्णाच्या संमतीने ती बदलावी.

न्यूझीलंडच्या इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेला मात्र एवढं पुरेसं वाटलं नाही. अमुक जमातीचे लोक असं खातात, तमुक लोक असं वागतात, हे पाठ करून काय होणार? उलट रुग्ण एका साच्यात बसतो. तिचं म्हणणं होतं, की नर्सने आधी स्वतःकडे पाहावं. माझा गणवेश, माझी भाषा, माझ्या हातात असलेला अधिकार याने समोरच्याला दडपण येतं का? आणि शुश्रूषा सुरक्षित झाली की नाही, याचा निवाडा नर्सने नव्हे, रुग्णाने करायचा. 1992 साली ही कल्पना न्यूझीलंडच्या नर्सिंग अभ्यासक्रमात आली. पुढे वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला, तरी ती टिकली.

मला स्वतःला रॅम्सडेन जास्त पटते. आपल्याकडे ‘भैये लोक ऐकत नाहीत’, ‘या बायकांना कितीही सांगा’ ही वाक्यं कोणत्याही ओपीडीत कानावर पडतात. ती बोलणाऱ्याला समोरच्या समाजाची माहिती कमी नसते. बहुतेक वेळा ‘सगळं माहीत आहे’ अशीच त्याची खात्री असते.

विचारायचं काय?

आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाने 1978 साली सहकाऱ्यांसोबत काही साधे प्रश्न सुचवले. आपल्या बोलीत ते साधारण असे होतील : हे कशामुळे झालं असं वाटतं? आत्ताच का सुरू झालं? याचा त्रास कुठे कुठे होतो? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? काय उपचार व्हावेत असं वाटतं? त्यात मी एक भर घालीन : घरी काय काय करून झालं? हा प्रश्न मात्र खेकसून विचारला, की झाडपाला, भगत, कंपाउंडरकडून टोचून घेतलेली सुई, सगळं लपवलं जातं.

सूचना देऊन झाल्यावर ‘समजलं ना?’ असं विचारण्यात अर्थ नसतो. परक्या मुलखातला माणूस ‘हो’च म्हणतो. ‘घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, मला सांगा बघू,’ असं म्हटलं, की सकाळची गोळी रात्री चालली होती हे लगेच कळतं.

मधला माणूस

दुभाषा म्हणून कुणीही चालतो, हा समज महागात पडतो. अमेरिकेत ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी बालरुग्णांच्या 13 तपासण्यांची ध्वनिमुद्रणं तपासली. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रत्येक भेटीमागे सरासरी 31 चुका सापडल्या. त्यातल्या 63 टक्के चुका उपचारांवर परिणाम करू शकतील अशा होत्या. असा धोका हाताशी सापडलेल्या दुभाष्यांच्या चुकांत 77 टक्के होता, तर इस्पितळाच्या दुभाष्यांच्या चुकांत 53 टक्के.

आपल्याकडे दुभाष्याचं पद बहुधा कागदावरही नसतं. हिंदी सगळ्यांना येते असं धरलं जातं. झारखंडची किंवा ओडिशाची बाई आली, की वॉर्डातल्या मावशींना हाक मारतात, नाहीतर शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला. तातडीच्या वेळी इलाज नसतो. पण नवऱ्याच्या तोंडून बायकोला ‘घरी मारहाण होते का?’ हे विचारता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाकडून आईच्या पाळीची माहिती घेता येत नाही. क्षयाचं किंवा एचआयव्हीचं निदान शेजाऱ्याच्या कानावर घालणं तर सरळ गोपनीयतेचा भंग आहे. त्याच भाषेच्या सहकाऱ्याला फोन लावणं, स्पीकरवर छोटी वाक्यं बोलणं, दुभाष्याकडे न बघता रुग्णाकडे बघून बोलणं, एवढं तरी जमण्यासारखं आहे.

कोयता, उचल आणि सहा महिन्यांच्या गोळ्या

स्थलांतरित म्हटलं की परदेश डोळ्यांसमोर येतो. पण दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय सुटका नाही. कामाला दांडी मारली की खाडा, म्हणजे दंड.

आता या जोडीतल्या बाईला उसाच्या फडाजवळच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर ‘उद्या सकाळी दहाला तपासणीला या’ असं सांगते. दहाला ती फडात वाकलेली असते. पहाटेच निघायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या, रात्री कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, येऊन चूल पेटवायची. पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. ती आली नाही, की केसपेपरवर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो. इथे तिची ‘संस्कृती’ म्हणजे काही व्रतवैकल्यं नव्हेत, मुकादमाची वही आहे. 2019 साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर खळबळ उडाली आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला तिच्या कामाच्या दिवसाबद्दल किती जणांनी विचारलं असेल?

उपाय फार अवघड नाहीत. क्षयाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. म्हणून निघण्याआधी क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या निक्षय पोर्टलवरचा क्रमांक रुग्णाच्या हातात हवा आणि पुढच्या केंद्राला फोन गेलेला हवा. गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याच ताब्यात द्यावं. लसीकरण संध्याकाळी, कोप्यांवर जाऊन करावं. आणि तारखेपेक्षा ‘अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी’ हे अनेकींच्या पक्कं लक्षात राहतं.

छावणीतले नातेवाईक

1971 साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट दगावू लागली, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी पाजण्याचा निर्णय घेतला, आणि पाजण्याचं काम दिलं नातेवाइकांकडे. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या घरातून चारच्या खाली आलं. वॉर्डात नातेवाईक म्हणजे अडगळ, असं मानणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव लक्षात ठेवावा.

निर्वासितांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. छळ, बलात्कार, गोळीबार पाहिलेल्या माणसाला बंद दार, गणवेश, अचानक अंगावर पडलेला हात याने धडकी भरते. म्हणून काय करणार ते आधी सांगायचं, दार किलकिलं ठेवायचं का हे विचारायचं, कपडे लागतील तेवढेच दूर करायचे. कागदपत्रं का मागतो आहोत, हेही सांगायचं. नाहीतर ही माहिती पोलिसांकडे जाईल, या भीतीने माणूस परत येत नाही.

नियम कोणता, सवय कोणती?

अमेरिकेत बाळंत झालेल्या मराठी मुलीच्या हातात नर्स बर्फ घातलेलं पाणी देते, तेव्हा तिथे गेलेल्या आईचा चेहरा काय होतो, हे अनेक घरांत ऐकलं असेल. नर्सच्या मनात काही वाईट नसतं. बर्फ हा तिथला नियम नाही, नुसती सवय आहे. मागितलं तर कोमट पाणी मिळतं. आपल्या वॉर्डांतही अशा सवयी नियमाच्या थाटात वावरतात. ऑपरेशनआधी दंडावरचा ताईत कात्रीने कापण्याऐवजी, विचारून सोडता येतो आणि नातेवाइकाच्या हाती देता येतो. रोजे धरणाऱ्या मधुमेही रुग्णाला ‘उपास बंद’ असं दरडावण्यापेक्षा, डॉक्टरांशी बोलून सहेरी आणि इफ्तारच्या वेळा धरून डोस बसवता येतो का, ते पाहता येतं. उपास खरंच धोक्याचा असेल तर आजाऱ्याला धर्मातच सूट आहे. मौलवींचा एक फोन तिथे सिस्टरच्या दहा सूचनांपेक्षा जास्त काम करतो.

नाही म्हणावं लागतं तेव्हा

सगळंच मान्य करायचं, असा मात्र याचा अर्थ नाही. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर डागण्या देतात, काही घरांत पहिलं चिकाचं दूध काढून टाकतात. तिथे लायनिंगरचा तिसरा मार्ग. पण आईला चारचौघांत झापलं, तर पुढचं बाळ दवाखान्यात येणारच नाही. निर्णय बहुधा सासूचा असतो, म्हणून बोलायचंही सासूशीच, आणि तिच्या हातून काढून घेतलेल्या कामाच्या जागी दुसरं काम द्यायचं : बाळ छातीशी उघडं धरून ऊब द्यायची, टोपरं घालायचं, मालिश नंतर सुरू करायची.

केसपेपरवर चार ओळी

रात्रपाळीला दोघी सिस्टर आणि वॉर्ड तुडुंब, अशा वेळी हे सगळं सांगणं सोपं, करणं अवघड, याची कल्पना आहे. त्यात यातल्या कित्येकजणी स्वतःच परमुलखातल्या. मुंबई-पुण्याच्या इस्पितळांत केरळच्या नर्सेस कित्येक वर्षं मराठी म्हाताऱ्यांची सेवा करत आल्या आहेत. 2024 साली राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केल्यापासून मराठी मुलीही तिकडच्या वॉर्डांसाठी जर्मन शिकू लागल्या आहेत.

एवढ्या धावपळीत एकीच्या आठवणीवर विसंबू नये. भरतीच्या कागदावर चार ओळी वाढवाव्यात : भाषा कोणती, खाण्यात काय चालत नाही, निर्णय कुणाशी बोलून घ्यायचा, घरी काय उपचार झाले. सकाळी विचारलेलं रात्रीच्या सिस्टरला वाचता आलं, की रुग्णाला तेच तीनदा सांगावं लागत नाही.